उजवा गुडघा

"त्याला घेऊ नका," असं मी म्हणालो, आणि ते त्याला कळलं. आमच्यातल्या वैराची सुरुवात एवढीच आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकलो, तिथल्याच एका हॉस्पिटलात काही वर्षं काढली आणि लग्न झाल्यावर बायकोच्या मागोमाग इथे दुबईला आलो. तिला ऊद मेथामधल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायची नोकरी होती. मला शारजाच्या पुढे एका फुटबॉल क्लबात काम मिळालं. क्लब मोठा नव्हता. वरच्या लीगमध्ये कसंबसं टिकून राहायचं, एवढीच दरवर्षीची धडपड. त्यासाठी मॅनेजमेंट दर सीझनला एकदोन परदेशी खेळाडू आणायचं. युरोपात ज्यांचे पाय थकत आलेत पण नाव अजून शिल्लक आहे, असे.

तो चेक होता, मिडफिल्डर. ऑगस्टमध्ये आला. त्या महिन्यात इथे कारपार्कमधून दारापर्यंत चालत येणारा माणूसही भाजून निघतो. तो मात्र काळा शर्ट घालून, बाह्या खाली सोडून आला होता. तिशी ओलांडून त्याला बरीच वर्षं झाली होती. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, डोळे फिकट. खोलीत शिरण्याआधी तो दारात थांबून कोण कुठे उभं आहे ते बघून घ्यायचा. मैदानावरची सवय होती ती, पण मला तेव्हा तो उर्मटपणा वाटला. पुढे कळलं की उर्मटपणा वेगळा होता, आणि भरपूर होता.

मेडिकलच्या दिवशी मी त्याला टेबलावर झोपवलं आणि उजवा गुडघा वाकवून पाहिला. माझ्या तळहाताखाली कुरकुर लागली, जात्यात खडा यावा तशी. जुन्या ऑपरेशनचा व्रण होताच. स्कॅनमध्ये तर कूर्चा जवळजवळ नाहीच, हाडावर हाड. बाजूच्या खोलीत क्लबचे डॉक्टर आणि टीम मॅनेजर बसले होते. डॉक्टर सीरियातले, संध्याकाळपुरते येणारे. ते म्हणाले, "एक सीझन निघेल."

मॅनेजर इथलाच, अमिराती. पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, कायम हसतमुख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"सर, त्याला घेऊ नका," मी म्हणालो. "हा गुडघा अर्धा सीझनही काढणार नाही. खेळला तर कायमचा जायबंदी होईल."

"हबीबी," ते म्हणाले, "चेअरमननी हो म्हटलंय. आता नाही कसं म्हणायचं? तू फक्त त्याला उभा ठेव."

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर तो बसला होता, एका पायात बूट, दुसरा हातात. मी बाहेर आलो तेव्हा त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिला. बूट घातला, नाडी बांधली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मॅनेजरकडे दुसरा फिजिओ मागितला. युरोपियन हवा म्हणाला. मॅनेजर हसून म्हणाले, "इन्शाल्ला." इथे राहिलेल्या माणसाला या शब्दाचे किती अर्थ होतात ते कळतं. त्याला कळले नाहीत. तो आठवडाभर वाट पाहत राहिला, मग गुडघा सुजला आणि त्याला माझ्याच टेबलावर यावं लागलं.

टेबलावर तो मला नावाने कधी बोलावत नसे. "मसाज," म्हणायचा. "मसाज, बर्फ." "मसाज, जोरात नाही." इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी त्याच्या तोंडून मला नेहमी 'तू'च ऐकू यायचं, आणि तेही 'ए तू' मधलं. एकदा सगळ्या टीमसमोर त्याने मी बांधलेली टेप फाडली, तिचा गोळा केला आणि माझ्या पायाशी टाकला. काही मुलं हसली. त्यांना मी ओळखत होतो, त्यांच्या मांड्या, पोटऱ्या, घोटे सगळे माझ्या हाताखालून गेलेले. ती हसली हे मला त्याच्यापेक्षा जास्त लागलं.

मीही काही गप्प बसणारा नव्हतो. मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. सूचना द्यायच्या तर हवेत द्यायचो, "गुडघा वाकवा", "श्वास सोडा", जणू समोर माणूस नसून नुसता पाय आहे. त्याला ते झोंबायचं. ते मला दिसायचं आणि बरं वाटायचं. बायकोला घरी येऊन सांगितलं तर ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "तुम्ही दोघं किती वर्षांचे आहात नक्की?"

"त्याने टेप फेकली माझ्या अंगावर."

"पायाशी म्हणालास मघाशी."

"तेच ते."

"तेच ते नाही," ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

अशा परिस्थितीत मला त्याची अख्खी कारकीर्द कळली, ही त्यातली मजा. शेजारच्या टेबलावर एक सर्बियन डिफेंडर असायचा, घोट्याच्या दुखण्याचा. दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि अर्ध्यामुर्ध्या एकमेकांच्या भाषेत बोलायचे. मी मधे उभा, हातात त्याचा पाय, आणि तो माझ्या डोक्यावरून त्याला आपलं आयुष्य सांगायचा. मी खोलीतलं एखादं स्टूल असावं तसा.

कोळशाच्या खाणींचं गाव होतं त्याचं, देशाच्या पूर्वेकडे. वडील खाणीत कामाला आणि खाणीच्या टीमचे गोलकीपर. मैदान म्हणजे खाणीतल्या राखेवर पसरलेली माती; पडलं की गुडघ्यात काळे कण रुतून बसायचे. हिवाळ्यात बर्फ बाजूला ओढून खेळायचे. वडील रविवारी मॅचनंतर त्याला गोलसमोर उभं करून चेंडू टाकायचे आणि एकच विचारायचे, "मागे कोण आहे?" त्याने न वळता सांगायचं. चुकलं तर पुन्हा. सर्बियन हसला. तो नाही हसला. "त्यामुळे मी पळालो नाही कधी," तो म्हणाला. "मला पळायची गरजच पडली नाही. चेंडू यायच्या आधी मला माहीत असायचं."

पोरवयातच मोठ्या शहरातल्या क्लबने उचललं. मग राजधानी. देशाच्या टीमचं बोलावणं आलं आणि शेवटची थोडी मिनिटं मैदानावर उतरायला मिळालं. ते सांगताना त्याचा आवाज बदलायचा आणि तो छताकडे बघायचा. नंतर जर्मनी, तिथे गुडघा पहिल्यांदा गेला. जर्मनीनंतर गोष्ट एकदम ग्रीसमध्ये निघायची. मधलं काही नाही. सर्बियनने एकदा विचारलं, "मधे कुठे होतास?" तो म्हणाला, "घरी." आणि मला म्हणाला, "मसाज, खलास. पुरे आज."

ऑक्टोबर आला, हवा जरा सुसह्य झाली आणि त्याने खेळायला सुरुवात केली. आता जे सांगतो ते मला सांगायला आवडत नाही. तो अप्रतिम खेळायचा.

मी बेंचवर बसून पाहायचो. आमची पोरं वाऱ्यासारखी पळायची आणि चेंडू गमावून यायची. हा मधे उभा, जवळजवळ चालतच. चेंडू येण्याआधी एकदा या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा त्या खांद्यावरून, आणि चेंडू पायाला लागला न लागला तोच पुढे गेलेला असायचा, जिथे कोणी नसायचं तिथे. मग आमचा विंगर तिथे पोचायचा आणि स्वतःच चकित व्हायचा. क्लब जिंकायला लागला. स्टँडमधली माणसं त्याच्या नावाने गाणी म्हणू लागली. मॅनेजर भेटले की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "पाहिलंस? आणि तू म्हणत होतास नको." मी म्हणायचो, "अजून सीझन संपला नाही, सर." ते हसायचे.

तो मैदानावरून येताना मुद्दाम माझ्यासमोरून जायचा. बर्फाची पिशवी माझ्या हातातून काढून घ्यायचा, देईपर्यंत थांबायचा नाही. एकदा म्हणाला, "अर्धा सीझन, हं?" त्यावरून कळलं की त्या दिवशी त्याने शब्दन् शब्द ऐकला होता.

"अजून झाला नाही अर्धा," मी म्हणालो.

कितीतरी दिवसांनी मी थेट त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो हसला, पण डोळे हसले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन्हीकडचे सुंभ शाबूत होते.

डिसेंबरमध्ये पश्चिमेकडे मॅच होती. रुवैसच्या दिशेने तासन्तास सरळ रस्ता, एका बाजूला समुद्राची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला वाळू, मग लांबवर रिफायनरीच्या चिमण्या. बसमध्ये तो शेवटच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. उतरताना मी पाहिलं, उजवा पाय जमिनीवर टेकवण्याआधी तो हाताने सीटची कड घट्ट पकडत होता. मी टेप बांधली. त्याने बांधू दिली, एक शब्द न बोलता. त्याच्यात एवढा फरक पडला म्हणजे दुखणं किती असेल, ते मी ओळखलं.

हाफ टाइमला गुडघा टरबुजासारखा झाला होता. कोच आमचा पोर्तुगीज, घाईचा माणूस. त्याने मला विचारलं, "खेळू शकेल?"

"नाही," मी म्हणालो.

मग मी त्या चेककडे वळलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जाऊ नकोस. आज गेलास तर परत येणार नाहीस."

त्याने बूट घट्ट केला. "तू मसाज आहेस," तो म्हणाला. "फुटबॉल मी खेळतो."

कोचने खांदे उडवले. "त्याला खेळायचं असेल तर खेळू दे. यल्ला, चला."

टीम मॅनेजर दाराशी उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि ऐकलं.

दुसऱ्या हाफमध्ये त्याने एक पास दिला. मी तेव्हापासून बरंच फुटबॉल पाहिलं, पण तसा पास नाही पाहिला. पाठ गोलकडे, दोन माणसं अंगावर, आणि त्याने न वळता टाचेने चेंडू मागे सोडला, अगदी हळू, जणू कोणाला काहीतरी देत होता. आमचा पोरगा धावत आला आणि गोल झाला. सगळे त्याच्याकडे धावले आणि तो तिथेच खाली बसला. आधी वाटलं आनंदाने बसला. मी बेंचवरून उठून पळत सुटलो होतो, कारण मी त्याचा पाय पाहत होतो, चेंडू नाही.

स्ट्रेचरवर झोपवताना त्याने माझं मनगट धरलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ती शिवी होती हे समजायला भाषा यावी लागत नाही.

तो त्यानंतर एकही मॅच खेळला नाही. त्याची कारकीर्द तिथे संपली, त्या वाळूच्या काठावरच्या मैदानावर, फारसं कोणी बघत नसताना.

मग चौकशी सुरू झाली. चेअरमनना उत्तर हवं होतं: एवढा महागाचा माणूस दुसऱ्या हाफमध्ये उतरलाच कसा? मीटिंग रूममध्ये एसी इतका गार की माझी बोटं आखडली होती. तो कुबड्या टेकून समोर बसला होता. त्याला विचारलं गेलं. तो म्हणाला, "फिजिओने टेप बांधली. खेळ म्हणाला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मी काय म्हणालो ते सगळ्यांनी ऐकलंय," मी म्हणालो, आणि मॅनेजरांकडे पाहिलं.

मॅनेजर टेबलावरच्या खजुराच्या ताटाकडे बघत होते. "हाफ टाइमला खूप गडबड असते," ते म्हणाले. "मला नीटसं आठवत नाही." कोचही तेच म्हणाला. सगळे मूग गिळून बसले. तो चेक मात्र माझ्याकडे सरळ बघत होता. त्या नजरेत लाज नव्हती.

मला कोणी आरडाओरडा करून काढलं नाही. इथे तशी पद्धत नाही. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, ते पुढे केलं नाही इतकंच. मॅनेजरांनी निरोपाला कॉफी पाजली आणि म्हणाले, "तू चांगला माणूस आहेस, हबीबी." मी कप तसाच ठेवून उठलो.

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की माणूस जातो. बायकोने शाळेत खेटे घातले आणि मला तिच्या व्हिसावर घेतलं. आमच्या ओळखीतली माणसं गणपतीला, हळदीकुंकवाला भेटली की विचारायची, "मग सध्या काय करताय?" आणि उत्तराची वाट न पाहता डिश पुढे करायची. शेवटी हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीच्या दवाखान्यात काम मिळालं. गोदामात ओझी उचलून पाठ मोडलेले कामगार यायचे. मी त्यांना व्यायाम शिकवायचो, ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओझी उचलायचे. शुक्रवारी टीव्हीवर लीगची मॅच लागली की मी चॅनल बदलायचो. राग माणसाला किती नियमित बनवतो ते त्या काळात कळलं. रोज सकाळी दाढी करताना मी मनातल्या मनात त्या मीटिंग रूममध्ये जायचो आणि वेगवेगळी वाक्यं बोलून बाहेर यायचो.

काही वर्षांनी ऊद मेथामध्येच एका क्लिनिकमध्ये जागा झाली. घर जवळ, पेशंट आपल्याकडचे. आयुष्य मार्गी लागलं. मुलगी झाली, शाळेत जाऊ लागली, मोठी झाली.

एक दिवस ती शाळेतून आली, पिशवी सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "बाबा, वी हॅव अ न्यू फुटबॉल कोच."

शाळेने संध्याकाळच्या वेळी मुलींसाठी फुटबॉल सुरू केलं होतं, बाहेरच्या एका अकॅडमीकडून. मी विचारलं, कुठला आहे?

"चेक रिपब्लिक. ही लिंप्स. ही इज सो रूड, बट ही इज अमेझिंग."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधी मी बायकोला सांगितलं की उद्यापासून ती जाणार नाही. बायको कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "का?"

"तोच आहे तो."

"कशावरून?"

"लंगडतो. चेक आहे. उद्धट आहे. अजून काय पाहिजे?"

"तिला आवडतंय."

"त्या माणसाने माझी नोकरी घालवली."

"हो, आणि मी कधी विसरले नाही," ती म्हणाली. "तुझा व्हिसा काढायला मी फिरलेय. पण तिचं खेळणं आणि तुझं भांडण एकत्र कालवू नकोस. ती जाईल."

तिच्यापुढे वर्गातल्या टवाळ पोरांचं चालत नाही, तिथे माझं काय चालणार.

मी एकदा ठरवून शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. तोच होता. जाडजूड झालेला, केस पांढरे, उजवा पाय काठीसारखा ताठ टाकत चालणारा. मुली गोलात उभ्या होत्या. तो माझ्या मुलीच्या पाठीमागे जाऊन म्हणाला, "मागे कोण आहे? वळू नकोस. सांग." तिने चुकीचं सांगितलं. "नाही. पुन्हा." परत चुकली. "तू झोपलीयेस का? पुन्हा." माझं डोकं फिरलं. कुंपण ओलांडून जावं असं वाटलं. तेवढ्यात तिने बरोबर सांगितलं, आणि त्याने शाबासकी दिली नाही, फक्त पुढच्या मुलीकडे गेला. माझी मुलगी मात्र शाबासकी मिळाल्यासारखी उभी होती. मी तिथून निघालो. मी आलो होतो ते तिला कधी सांगितलं नाही.

त्याचा गुडघा अखेर बदलावा लागला. हे मला मुलीकडूनच कळलं. ऑपरेशननंतर पाय वाकेना. कुठल्या कुठल्या थेरपिस्टकडे गेला आणि भांडून परत आला. आणि आमच्या मुलीने, कोणालाही न विचारता, त्याला सांगितलं, "माय डॅड फिक्सेस नीज." पत्ताही दिला. आडनाव ऐकून त्याला कळलंच असणार. तरी तो आला.

रिसेप्शनवर त्याला पाहिलं तेव्हा मी माझ्या खोलीत परत गेलो आणि दार लावून थोडा वेळ उभा राहिलो. नाही म्हणता आलं असतं. सहकाऱ्याकडे पाठवता आलं असतं. मग मला वाटलं, तो इथून दुसऱ्याकडे गेला तर जन्मभर म्हणेल की मी घाबरलो. मी दार उघडलं आणि म्हणालो, "या."

तो टेबलावर झोपला. कोणी हसलं नाही, कोणी हात पुढे केला नाही. मी गुडघा वाकवायला घेतला. ऑपरेशननंतर आखडलेला सांधा मोकळा करताना दुखतंच, सौम्यपणाने ते होत नाही. त्याने त्याच्या भाषेत शिव्या द्यायला सुरुवात केली. मी त्याला विचारलं, "थांबू?" तो म्हणाला, "नाही."

आठवडे असेच गेले. तो यायचा, शिव्या द्यायचा, जायचा. गुडघा थोडा थोडा वाकत होता. एका दिवशी मी त्याला विचारलं, काही प्रस्तावना न करता, "त्या दिवशी खोटं का बोललास?"

तो छताकडे बघत होता. "खोटं?"

"मी तुला खेळ म्हणालो नव्हतो."

"नव्हतास म्हणाला," तो शांतपणे म्हणाला. "तू म्हणाला होतास जाऊ नको."

त्याने हे इतक्या सहज कबूल केलं की माझे हात थांबले. इतकी वर्षं दाढी करताना मी या वाक्यासाठी भांडत आलो होतो.

"मग?"

"मग काय. त्या खोलीत कोणीतरी एकजण जाणारच होता. माझा पाय गेला होता. माझे पैसे थांबवले असते. मी तुला निवडलं." तो कोपरांवर उठून बसला. "तू माझ्याबद्दल त्यांना सांगितलंस. मी बाहेर बसलो होतो. तू आत जाऊन त्यांना म्हणालास, घेऊ नका. मला नाही सांगितलंस."

"ते माझं काम होतं."

"जर्मनीतल्या डॉक्टरचंही काम होतं," तो म्हणाला, आणि मग त्याने ते मधलं सांगितलं, जे सर्बियनला सांगितलं नव्हतं. जर्मनीत पहिल्या ऑपरेशननंतर एका डॉक्टरने क्लबला सांगितलं, हा गुडघा टिकणार नाही. कॉन्ट्रॅक्ट रद्द झालं. तो गावी गेला. मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये टायर बदलायला लागला. रविवारी गावच्या टीमकडून, त्याच राखेच्या मैदानावर, खाणकामगारांबरोबर खेळला. वडील बघायला यायचे आणि काही बोलायचे नाहीत. तिथून त्याला ग्रीसमधल्या एका छोट्या क्लबने उचललं आणि त्याच न टिकणाऱ्या गुडघ्यावर तो पुढे कितीतरी वर्षं खेळला. "तो डॉक्टर चुकला होता," तो म्हणाला. "मग तू पण चुकशील असं मला का वाटू नये?"

"पण मी चुकलो नाही."

"नाही," तो म्हणाला. "पण तेवढ्यासाठी तू मला त्याच्यापेक्षा जास्त आवडायला लागत नाहीस."

मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. टायर बदलणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. पण माझ्या बायकोने शाळेच्या ऑफिसात घातलेले खेटे आणि हमरियाच्या दवाखान्यातल्या त्या दुपारीही आल्या. त्याच्या दुःखाने माझं काही फिटत नव्हतं.

"तू माफी मागणार आहेस का?" मी विचारलं.

"तू मागणार आहेस?"

"कशाची?"

"मग झालं," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. "चल, वाकव."

मी वाकवला. त्या दिवशी तो बराच पुढे गेला, अर्धं वर्ष अडलेल्या जागेच्याही पुढे. त्याने शिवी दिली नाही, दात आवळून राहिला. मी हात काढला तेव्हा आम्हा दोघांच्याही कपाळावर घाम होता.

शेवटच्या सेशनला मी त्याला जिना चढायला लावला. आमचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे. तो कठड्याला हात न लावता वर आला, मग खाली गेला, मग पुन्हा वर आला. मी म्हणालो, "खलास. आता माझी गरज नाही." त्याने मान हलवली. पाकीट, किल्ल्या, फोन एकेक करून खिशात घातले. दाराशी जाऊन तो थांबला, मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. म्हणाला, "तुझी मुलगी आळशी आहे. पण तिला दिसतं." आणि गेला.

मे महिन्यात तो कायमचा देशात परत गेला. वडील गेले होते, आई एकटी होती, असं शाळेत कोणाकडून तरी बायकोला समजलं. नवा कोच आला. तो सगळ्या मुलींना हाय-फाइव्ह देतो, आईवडिलांना हसून भेटतो, प्रत्येकीला सुपरस्टार म्हणतो. आमची मुलगी त्याच्यावर खूश नाही. ती अजून जाते, आणि मधल्या जागेवर खेळते.

परवा गाडीतून तिला घरी आणताना तिने विचारलं, "बाबा, सो आर यू गाइज फ्रेंड्स नाऊ? यू अँड कोच?"

"नाही," मी म्हणालो.

"लाइक, अ‍ॅट ऑल?"

"नाही गं. मुळीच नाही."

"ओके," ती म्हणाली आणि कानात हेडफोन घालून खिडकीबाहेर बघू लागली. सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.